काठ-तुमचाच नावाचा रेडा

पूर्वी शोणा नदीच्या वळणावरच्या पुष्पवती नगरीत अरिंदम नावाचा राजपुत्र राज्यावर बसायच्या तयारीत असताना बोधिसत्त्व नदीपलीकडे एका म्हशीच्या पोटी रेडकू होऊन जन्माला आले. त्या वेळी पृथ्वी कंप पावली नाही आणि आकाशातून फुलंही पडली नाहीत. म्हैस मागे वळली, तिनं त्यांना चाटून कोरडं केलं आणि पुन्हा चरायला लागली.

ती म्हैस तुंबी नावाच्या बाईची होती. तुंबी रेवाळ होती. रेवाळांच्या नदीकाठी साठ चुली. त्यांची भाषा वेगळी, लुगडं नेसायची तऱ्हा वेगळी आणि देवही वेगळा. देव म्हणजे डोहातला चिखल. सकाळी ते त्याला नमस्कार करायचे आणि मग त्यात म्हशी सोडायचे. पोर जन्मलं की त्याची नाळ त्याच काठात पुरायची आणि माणूस गेला की राखही तिथेच. पुष्पवतीला रेवाळांचं दूध चालायचं, रेवाळ चालायचे नाहीत. दूध घालायला आलेल्यानं दाराबाहेर उभं राहायचं आणि भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही. दूध मात्र निरसं, घट्ट आणि वेळेवर पाहिजे.

रेवाळांना लिहिता येत नव्हतं, आणि शपथ घेणं त्यांना असभ्य वाटायचं. त्यांची वचन द्यायची रीत निराळी होती. वचन देणाऱ्यापुढे नुकतं जन्मलेलं रेडकू आणायचं. त्यानं आपलं बोट गुळात बुडवून त्याला चाटवायचं आणि काय देणार ते त्याच्या कानात सांगायचं. जे सांगितलं तेच त्या रेडकाचं नाव. वचन पुरं होईपर्यंत त्याला दुसरं नाव नाही, त्याला विकायचं नाही आणि जुंपायचंही नाही. पुरं झालं की सगळ्यांनी जेवायचं आणि त्याला साधंसुधं नाव ठेवायचं.

आपसातली वचनं रेवाळ चार दिवसांत पुरी करायचे, कारण ‘मेव्हण्याला-छप्पर-शाकारून-देतो’ अशी हाक रोज संध्याकाळी अख्ख्या वस्तीत ऐकू गेली की माणूस आपोआप छपरावर चढतो.

आता राजपुत्राला तिथे यायची गरज काय? तर अभिषेकाच्या कलशात राज्यातल्या प्रत्येक जमातीच्या पाणवठ्याचं पाणी लागायचं, आणि ते त्या जमातीनं आपल्या हातानं ओतायला लागायचं. एक घागर कमी पडली तर अभिषेक कच्चा. म्हणून एरवी ज्यांची सावली नको असायची, त्यांच्या अंगणात दर नव्या राजाच्या वेळी एकदा गर्दी व्हायची.

अरिंदम आला तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि घाबरलेला होता. तुंबीनं त्याला खरवस दिला. त्यानं तीनदा मागून घेतला. मग तिनं कालच जन्मलेलं रेडकू त्याच्यापुढे उभं केलं.

“बोट द्या,” ती म्हणाली.

“कशाला?”

“गुळात बुडवायला. आणि आम्हाला काय देणार ते त्याच्या कानात सांगा.”

“कानात? रेडकाच्या?”

“मग काय माझ्या?”

बरोबरचे सगळे हसले. राजपुत्रही हसला. तो गुडघ्यावर बसला, बोट पुढे केलं आणि म्हणाला, “हा काठ तुमचाच. पिढ्यान्‌पिढ्या. शिळेवर कोरून देईन.” रेडकानं बोट तोंडात घेतलं ते सोडेचना. “सोड रे,” राजपुत्र म्हणाला. बऱ्याच वेळानं सोडलं.

अशा रीतीनं बोधिसत्त्वांचं नाव काठ-तुमचाच पडलं.

बरोबरच्या लोकांना ही गंमत फार आवडली. मग प्रत्येकाला एकेक रेडकू पाहिजे झालं. सेनापती म्हणाला, शिपाई न विचारता दूध नेणार नाहीत. गूळ उरला म्हणून त्यानं दुसऱ्या रेडकालाही चाटवलं आणि म्हणाला, वेशीवर तुम्हाला कुणी अडवणार नाही. राजवैद्यानं दर महिन्याला येण्याचं कबूल केलं. स्थपतीनं घाटाला पायऱ्या देऊ केल्या, पुरोहितानं यज्ञाच्या मांडवात बसायला जागा. राजकवी म्हणाला, मी तुमच्यावर एक काव्य रचीन. सगळ्यांच्या मागे पिंगल नावाचा एक सडपातळ लेखनिक उभा होता. त्याच्याकडे द्यायला काहीच नव्हतं. तो एका वगारीच्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, “मी तुमच्या बाजूनं बोलेन.”

दुसऱ्या दिवशी रेवाळांनी घागर ओतली. अरिंदम राजा झाला.

पुढे बारा वर्षं गेली. सांगण्यासारखं काही झालं नाही, हीच त्यातली सांगण्यासारखी गोष्ट.

तुंबी दर वर्षी दह्याचं मडकं घेऊन राजवाड्याच्या दारी जायची. तिला मनापासून वाटायचं की जशी आपली रीत तशीच यांचीही असणार, आणि राजा रोज सकाळी उठून विचारत असणार की माझा रेडा कसा आहे. म्हणून ती दाराशी निरोप द्यायची, “महाराजांना सांगा, काठ-तुमचाच बरा आहे. शिंगं छान वळलीत. यंदा खुराला जखम झाली होती, ती भरली.” दाराशी बसलेला माणूस लिहून घ्यायचा : रेवाळ लोक कुशल आहेत.

“आणि शिळा?” ती विचारायची.

पहिल्या वर्षी शिळा शोधत होते. दुसऱ्या वर्षी शिळा सापडली. तिसऱ्या वर्षी कोरणारा आजारी होता. चौथ्या वर्षी कोरणारा बरा झाला, पण शिळा कुठे ठेवली ते कुणाला आठवेना. त्यानंतर ‘काम चालू आहे’ एवढंच उत्तर यायला लागलं, आणि तुंबीलाही ते बरं वाटायचं. चालू आहे म्हणजे थांबलेलं नाही.

तेराव्या वर्षी जेठ महिन्यात काठावर माणसं आली. त्यांच्याकडे दोऱ्या आणि खुंट्या होत्या. त्यांच्यापुढे पिंगल होता. आता तो महाअमात्य झाला होता आणि सडपातळ राहिला नव्हता.

“हे काय चाललंय, अमात्य?” तुंबीनं विचारलं.

“हंसवन होणार आहे इथे. महाराजांच्या हंसांसाठी.”

तुंबीनं इकडेतिकडे बघितलं. “हंस कुठायत?”

“अजून आलेले नाहीत. पण येतील तेव्हा जागा नको? आषाढी पुनवेच्या आत काठ रिकामा करा. तुम्हाला डोंगरापलीकडे जागा दिलीय. हवेशीर आहे.”

“पाणी आहे?”

“हवा आहे, म्हटलं ना.”

तुंबीच्या नवऱ्याची राख या काठात होती. दोन मुलांच्या नाळा होत्या, आणि त्यातलं एक मूल नाळेच्या शेजारीच पुरलेलं होतं. ती एवढंच म्हणाली, “पण महाराजांनी वचन दिलंय.”

“कुठे लिहिलंय?”

“ते काय. डुंबतंय.”

पिंगलनं डोहाकडे पाहिलं. पाण्यावर एक भलं मोठं काळं डोकं होतं आणि त्यावर एक बगळा बसलेला होता.

“आणि तुमचं ते पलीकडे,” तुंबी म्हणाली, “कान बुडवून बसलीय ती. सातवं वेत झालं तिचं.”

पिंगलनं तिकडे पाहिलं नाही. त्यानं खुंटी ठोकायला सांगितली.

दुपारी सगळे रेवाळ वडाखाली जमले. तुंबीचा दीर होरू तावातावानं उठला. “अक्का, आता बास झालं. सगळ्या म्हशी एकदम वेशीतून आत घालू. बाजार तुडवू. आणि उद्यापासून दूध बंद. बघू कशी खीर खातात ते.”

“मी मध्ये बोलू का?” मागून कुणीतरी म्हणालं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. बोधिसत्त्व उभे होते.

त्या काळी सगळेच प्राणी बोलत असत. पण तोंडात घास असताना बोलू नये असं म्हशींमध्ये मानतात, आणि म्हशीच्या तोंडात घास नाही असा वेळ क्वचितच असतो. म्हणून म्हैस बोलते हे रेवाळांनाही ऐकूनच माहीत होतं. बोधिसत्त्वांनी रवंथ संपेपर्यंत बारा वर्षं वाट पाहिली होती असं नाही, पण आज त्यांनी तो मुद्दाम थांबवला होता.

“तू बोलतोस?” तुंबी म्हणाली.

“विचारलं नव्हतंस, आई.”

तुंबी खाली बसली. बारा वर्षं त्याला अंघोळ घालताना आपण काय काय पुटपुटलो ते तिला एकदम आठवलं.

“होरूकाका, दूध बंद करू नका,” बोधिसत्त्व म्हणाले. “ते लहान मुलं पितात, आणि त्यांनी काही वचन दिलेलं नाही. बाजारही तुडवू नका. भाजीवालीनं आपलं काय केलंय? ज्यांनी गूळ चाटवला, त्यांच्याकडे फक्त आम्हा आठ जणांना जाऊ द्या. पहिल्या गुळाचं बोट म्हैस विसरत नाही. वास अजून नाकात आहे. ज्याचा शब्द त्याच्या घरी परत जाणार, एवढंच.”

“आणि जाऊन करणार काय?”

“बसणार.”

“फक्त बसणार?”

“काका, आमच्याहून चांगलं ते कुणाला जमत नाही.”

मग बोधिसत्त्वांनी बाकीच्या सात जणांना जवळ बोलावून बजावलं : कुणाला शिंग लावायचं नाही. दुसऱ्याच्या दारातलं न विचारता खायचं नाही. कुणी मारलं तरी परत मारायचं नाही, आणि वचन पुरं झाल्याशिवाय उठायचं नाही. सातही जणांनी कान हलवले.

ते नदी पोहून पलीकडे गेले. तुंबी दह्याचं मडकं डोक्यावर घेऊन होडीतून मागे निघाली. जन्मभर त्याला तिनं कधी एकटं सोडलं नव्हतं.

वेशीवर कालुक नावाचा पहारेकरी होता. नियमाप्रमाणे आत जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि कुणाकडे जाणार हे त्याला मोठ्यानं पुकारायला लागायचं. त्यानं भाला आडवा धरला.

“नाव?”

“काठ-तुमचाच,” तुंबी म्हणाली.

“कुणाकडे?”

“महाराजांकडे.”

कालुकनं पुकारलं. मग पुढच्यांची नावं विचारून तीही पुकारली, “शिपाई-न-विचारता-दूध-नेणार-नाहीत, सेनापतींकडे! वेशीवर-कुणी-अडवणार-नाही, हासुद्धा सेनापतींकडे!” इथे त्याला आपल्या हातातला आडवा भाला दिसला. त्यानं तो हळूच उभा केला.

गुळाचा वास कुणी चुकला नाही. सेनापतीच्या दाराच्या दोन्ही बाजूंना दोघं अशी बसली की लांबून दगडात कोरल्यासारखी दिसत होती. वैद्याची म्हैस त्याच्या ओट्यावर आडवी झाली, आणि रोगी तिच्यावरून चढून जायला लागले. पुरोहिताची यज्ञाच्या मांडवात जाऊन बरोबर यजमानाच्या पाटावर बसली. स्थपतीनं आपल्या नव्या घराला सुरेख पायऱ्या केल्या होत्या. त्याचा रेडा त्यांवर बसला, म्हणून स्थपतीला खिडकीतून दोरीनं उतरायची वेळ आली. राजकवीची म्हैस मात्र बाजारात मुळ्याच्या पाल्यापाशी थांबली. भाजीवालीनं “खा गं” म्हटलं, म्हणजे नियम मोडला नाही. ती तिथेच राहिली. ते काव्य राहिलं याचं रेवाळांना पुढेही कधी वाईट वाटलं नाही.

पिंगलच्या दाराशी सगळ्यांत जास्त गर्दी झाली. कुणालाच माहीत नव्हतं की त्यानंही काही वचन दिलं होतं.

“अहो अमात्य,” शेजारच्या माडीवरून एक बाई ओरडली, “तुमच्या दारात मी-तुमच्या-बाजूनं-बोलेन बसलीय!”

“हाकला तिला!”

“हाकलली. बसूनच हलते थोडी आणि परत तिथेच.”

बोधिसत्त्व थेट राजसभेत गेले. सिंहासनापुढे राजाचे पाय ठेवायला एक सपाट काळा दगड होता. ते त्याच्यासमोर बसले आणि त्यावर आपली हनुवटी टेकवली.

राजा अरिंदमनं पाय वर घेतले. “हा कुणाचा?”

“तुमचा, महाराज,” खांबापाशी उभी राहून तुंबी म्हणाली.

“माझा? मी रेडा कधी घेतला?”

दर वर्षी तुंबीनं निरोप दिला होता. शिंगांचा, खुराच्या जखमेचा. तिनं राजाच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं की यातलं काहीही कधी आत पोचलं नव्हतं.

तीन दिवस बोधिसत्त्व तसेच बसून राहिले. रोज सकाळी तुंबी आपल्या काठाचं गवत डोक्यावरून आणायची आणि ते तेवढंच खायचे. होरू आणि बाकीचे रेवाळ घरोघर दूध घालत होते, नेहमीसारखंच घट्ट आणि वेळेवर. राजा तीन दिवस सिंहासनावर मांडी घालून बसला. दुरून पाहणाऱ्यांना वाटलं, महाराज ध्यानाला लागले.

तिसऱ्या दिवशी पिंगल खिडकीतून उडी मारून घराबाहेर पडला आणि लंगडत सभेत आला. त्याच्या मागून चार सेवकांनी रेशमी झूल आणि शिंगांना घालायच्या सोन्याच्या टोप्या आणल्या.

“हे घे,” तो बोधिसत्त्वांना म्हणाला. “राजवाड्यात कमळांचं तळं आहे, ते तुझं. रोज पेंड मिळेल, सरकी मिळेल. आजपासून तुझं नाव महिषराज. आता ऊठ.”

बोधिसत्त्वांनी झुलीचा वास घेतला. “झूल छान आहे, अमात्य. पण नाव असं बदलत नाही.”

“उठत नाहीस?”

“उठायला मला आवडेल. पाय आखडलेत.”

पिंगल राजाकडे वळला. “महाराज, सांगा. वधिकाला बोलावतो. एका रेड्यापायी सगळं राज्य हसतंय.”

राजा गप्प राहिला. पिंगलनं त्या गप्प बसण्याचा आपल्याला पाहिजे तो अर्थ घेतला. वधिक आला. त्याच्या हातात परशू होता. तुंबीच्या हातून मडकं सुटलं आणि दही फरशीवर पसरलं. “त्याला नको,” ती म्हणाली. “काठ घ्या. आम्ही जातो डोंगराकडे. आजच जातो. त्याला नको मारू.”

“आई, थांब,” बोधिसत्त्व म्हणाले. त्यांच्या आवाजात भीती नव्हती, आणि राग तर मुळीच नव्हता. त्यांनी राजाकडे मान वर केली.

“महाराज, मी तुमची अब्रू घ्यायला आलेलो नाही. ती माझ्याजवळ ठेवायला दिली होती, ती परत द्यायला आलो. तुमचा शब्द बारा वर्षं मी सांभाळला. थंडीत या बाईनं त्याच्यावर आपलं घोंगडं घातलं आणि स्वतः कुडकुडत बसली. महापूर आला तेव्हा मी त्याला पाठीवर घेऊन पोहलो, कारण मीच तो होतो. तुमच्या शब्दाला एकदाही कुणी काठी मारलेली नाही. आता मारायचा असेल तर तुमचाच आहे. पण दुसऱ्याच्या हातानं नको. तुम्ही दिलात, तुम्हीच मारा.”

वधिकानं परशू राजापुढे धरला, कारण दुसरं काय करावं ते त्याला कळेना.

राजा सिंहासनावरून उतरला. तीन दिवस मांडी घातल्यानं त्याचे पाय मुंग्यांनी भरले होते, त्यामुळे तो उतरला तो गुडघ्यांवरच पडला आणि बोधिसत्त्वांच्या तोंडासमोर आला. सावरायला त्यानं हात पुढे टाकला. बोधिसत्त्वांनी त्याचं तेच गुळाचं बोट तोंडात घेतलं.

“सोड रे,” राजा म्हणाला.

आणि त्याला आठवलं. खरवसाची चव आठवली. आपण बावीस वर्षांचे होतो आणि घाबरलेले. एवढंसं रेडकू आपलं बोट सोडत नव्हतं, आणि त्या दिवसात आपल्याला धरून ठेवणारं तेवढं एकच होतं. राजानं दुसरा हात त्या भल्या मोठ्या कपाळावर ठेवला.

“केवढा झालास,” तो म्हणाला.

“निरोप पाठवत होते मी,” तुंबी म्हणाली.

राजा डोळे पुसून उठला. “पिंगल, ती शिळा कुठे आहे?”

“काम चालू आहे, महाराज.”

“कुठे चालू आहे?”

पिंगल सिंहासनापुढचा दगड सोडून सगळीकडे पाहायला लागला, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडेच गेलं. राजानं चार माणसं लावून पाय ठेवायचा तो काळा दगड उलटा करायला लावला. खालच्या बाजूला सुंदर, खोल अक्षरांत ‘हा’ एवढंच कोरलेलं होतं. त्यानंतर कोरणारा आजारी पडला होता, आणि दगड बरा दिसतो म्हणून कुणीतरी तो सिंहासनापुढे सरकवला होता. इतकी वर्षं राजाचे पाय आपल्याच वचनावर होते.

उरलेली अक्षरं त्या दिवशी राजाच्या डोळ्यांसमोर कोरली गेली. मग राजा स्वतः बैलगाडीत शिळेशेजारी बसला, होडीतून पलीकडे गेला आणि खुंट्या उपटून तिथे शिळा रोवली.

बाकीच्यांची कामं पटापट झाली. दारात म्हैस असली की माणसाला वेळ मिळतो. घाटाच्या पायऱ्या नऊ दिवसांत बांधून झाल्या. वैद्य पहिल्याच फेरीत सतरा दात काढून परतला. पुरोहितानं रेवाळांना मांडवात बसवलं. त्याचं काही बिघडलं नाही, याचं त्यालाच नवल वाटलं. वेशीवरचा कालुक तर रेवाळांना येताना आणि जाताना नमस्कार करायला लागला. एवढं वचनात नव्हतं.

पिंगलची म्हैस तेवढी उठेना. राजानं त्याला त्याच्याच दारात, लोकांसमोर बोलायला उभं केलं. तो रेवाळांचा इतिहास बोलला, त्यांच्या कष्टाळूपणाबद्दल बोलला, त्यांच्या दुधाच्या घट्टपणाबद्दलही बोलला. तिसऱ्या प्रहरापर्यंत बोलला. म्हैस रवंथ करत होती.

“अमात्य,” तुंबी शेवटी म्हणाली, “तुम्ही आमच्याबद्दल बोलताय. आमच्या बाजूनं बोला.”

पिंगल थांबला. त्यानं म्हशीकडे पाहिलं. तिच्या कानाशी वाकलेला सडपातळ लेखनिक त्यालाही कदाचित दिसला असेल.

“काठ त्यांचाच आहे,” तो म्हणाला. “आणि मला ते माहीत होतं.”

म्हैस उठली आणि अंग झाडून घरी निघाली.

आषाढी पुनवेला कुणी डोंगरापलीकडे गेलं नाही. काठावर चुली पेटल्या आणि साठ घरांचं जेवण एका पंगतीत झालं. राजा आला होता. त्यानं खरवस चारदा मागून घेतला. हंस त्या वर्षी आले नाहीत, आणि नंतरही आले नाहीत.

जेवण झाल्यावर नावं बदलायची होती. तुंबीनं बोधिसत्त्वांच्या मानेवर हात ठेवला. “तुला काय पाहिजे?”

“काहीही, आई. फक्त लहान ठेव.”

तिनं डोहाकडे पाहिलं, शिळेकडे पाहिलं. नवऱ्याच्या राखेवर उगवलेल्या गवताकडे पाहिलं. तेरा वर्षांत तिनं असा पाय पसरून श्वास सोडला नव्हता. “निवांत,” ती म्हणाली. “तुझं नाव निवांत.”

सगळ्यांना ते आवडलं. संध्याकाळी तिनं नव्या नावानं हाक मारली. ते आले नाहीत. पुन्हा मारली. पाण्यावरचं डोकं हललं नाही, त्यावरचा बगळासुद्धा नाही. शेवटी तिनं इकडेतिकडे बघून जुन्या नावानं हाक दिली.

“काठ-तुमचाच!”

बोधिसत्त्व लगेच उठून आले. पुढे मरेपर्यंत ते त्याच नावाला ओ देत राहिले. पण आता त्या हाकेला कुणाला काही आठवण करून द्यावी लागत नव्हती. होतं तेच ती सांगत होती.

जेतवनात शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली ती एका साध्या कारणानं. एका म्हाताऱ्या भिक्खूची कुटी गळत होती, आणि दुसरा एक भिक्खू ‘शाकारून देतो’ म्हणून गेले दोन महिने सांगत होता. कथा संपवून शास्ते म्हणाले, “तेव्हाचा राजा अरिंदम म्हणजे आजचा आनंद. तुंबी म्हणजे उत्पलवर्णा. पहारेकरी कालुक म्हणजे काळुदायी, आणि पिंगल म्हणजे देवदत्त, पण ते शेवटचं वाक्य सोडून. तो रेडा मीच होतो.”

“आणि भन्ते,” कुणीतरी विचारलं, “मुळ्याच्या पाल्यापाशी थांबलेली ती म्हैस?”

शास्ते काही सांगायच्या आतच पुढच्या रांगेतला एक भिक्खू हळूच उठला आणि शिडी आणायला गेला.

दिलेल्या शब्दावर ठाम बसून राहावं, आणि बसताना कुणाला शिंग लागू देऊ नये. यालाच अधिष्ठान म्हणतात.